बंब आला, पाणीही होतं, तरी आग का विझली नाही?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं आणि निम्मं कोल्हापूर खासबागेकडे धावलं. दुसऱ्या दिवशी, ज्यांच्या नावाचं हे नाट्यगृह त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर या नावाने उभं केलेलं हे नाट्यगृह डोळ्यांदेखत जळत होतं आणि ज्या रंगमंचावर आपण उभे राहिलो तो राख होताना बघून कलावंत रस्त्यावर ढसाढसा रडत होते. बंब येत होते, पाण्याचे झोत सुटत होते, तरी छत कोसळलं. जीवितहानी झाली नाही, एवढंच काय ते नशीब.

तेव्हापासून तेच प्रश्न ऐकू येतात. बंब उशिरा आले का? पाणी कमी पडलं का? इतकी वर्षं अग्निशमन दल आहे, मग त्याचा उपयोग काय? आता नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीच्या निमित्ताने हे प्रश्न पुन्हा निघतात. ते रास्तच आहेत. पण त्यांची उत्तरं त्या एका रात्रीत सापडत नाहीत. आग कशी वाढते आणि अग्निशमन दल नावाची व्यवस्था कशी घडत आली, हे दोन्ही बघावं लागतं.

## आग पेटते कशी, विझते कशी

ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांना हे शास्त्र शिकवायला नको. चुलीला तीन गोष्टी लागतात: वाळलेलं लाकूड, सुरुवातीची ठिणगी आणि फुंकणीतून जाणारा वारा. म्हणजे इंधन, उष्णता आणि प्राणवायू. लाकडं मागे ओढली की जाळ मंदावतो, पाणी मारलं की निखारा काळा पडतो, राख सारली की तो धुमसत राहतो पण भडकत नाही. अग्निशमन दलाचं सगळं काम या तिन्हींपैकी निदान एक गोष्ट काढून घेण्याचं असतं. गॅसची गळती असेल तर आधी व्हॉल्व्ह बंद करतात, म्हणजे इंधन तोडतात. तेलाच्या टाकीवर फेस पसरतात, म्हणजे हवा तोडतात. लाकूड, कापड, कागद पेटला असेल तर पाणी मारतात, म्हणजे उष्णता काढून घेतात.

पाण्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाणी आग विझवतं ते मुख्यतः वाफ होताना. साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहा-सात पट उष्णता त्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. शिवाय वाफ झाली की ते सुमारे १७०० पट जागा व्यापतं आणि आजूबाजूची हवा बाजूला सारतं. म्हणून बंद खोलीत जवानांना बारीक फवारा जास्त उपयोगी पडतो, कारण लहान थेंबांची वाफ लवकर होते. जाड झोत लांब जातो, पण त्यातलं बरंच पाणी आगीला न भिडता जमिनीवर वाहून जातं. रस्त्यावर वाहणारं पाणी बघून ‘केवढं पाणी मारलं’ असं आपण म्हणतो. आग विझवायला त्यातलं किती कामी आलं, हे वेगळंच गणित असतं.

## बंबाच्या आधी काय होतं

आग विझवणारं दल नवं असलं तरी आगीची धास्ती जुनी आहे. शिवाजी महाराजांनी १६७३ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच पत्रात आगीबद्दलही बारकाईने लिहिलं आहे. गवताच्या गंज्यांजवळ चुली पेटवू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि आग लागेल. पुढे कोल्हापूरच्या गादीच्या काळात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहून ठेवलं की दारूखाना घरांजवळ नसावा. आज फायर ऑफिसर इमारत तपासताना जे बघतो, त्याचा गाभा हाच आहे: पेटणारी वस्तू कुठे ठेवली आहे आणि ठिणगी कुठून येऊ शकते.

आग लागलीच तर मात्र गल्लीच धावायची. घागरी, बादल्या, भिजवलेली गोणपाटं आणि शेजारच्या घराचं छप्पर उतरवायला कोयते-कुऱ्हाडी. कोल्हापुरात या कामी तालमीची पोरं पुढे असत आणि आजही असतात.

जुन्या कोल्हापूरला एक मोठी देणगी होती, पाण्याची. गावभर तळी होती. रावणेश्वराचं तळं होतं तिथे आज शाहू स्टेडियम आहे, वरुणतीर्थ होतं तिथे गांधी मैदान, कपिलतीर्थावर मंडई. बाहेरच्या अंगाला रंकाळा, पलीकडे पंचगंगा. कळंब्याच्या तलावातून येणारं पाणी मंगळवार पेठेत ज्या ठिकाणी साठवून गावात वाटलं जायचं, त्याला लोकांनी ‘पाण्याचा खजिना’ म्हटलं आणि तेच नाव कायम राहिलं. तळी बुजली, मैदानं झाली, शहराला खेळायला जागा मिळाली, त्याबद्दल तक्रार करायची नाही. पण आग विझवण्याच्या दृष्टीने बघितलं तर पेठांच्या मधोमध असलेले पाण्याचे मोठे साठे गेले. त्यांच्या जागी नळ आले, आणि नळातून एका मिनिटाला येणारं पाणी बंबाची तहान भागवत नाही.

## दल जन्माला आलं कसं

लंडन १६६६ च्या आगीत जळालं. त्यानंतर तिथे विमा कंपन्यांनी स्वतःची आग विझवणारी पथकं ठेवली आणि विमा उतरवलेल्या घरांवर कंपनीचा बिल्ला ठोकला. आग विझवणं ही तेव्हा पैसे भरणाऱ्यासाठीची सेवा होती. शेजारचं घर पेटलं की आपलंही पेटतं, हे उमगायला आणि ही सेवा सगळ्या शहराची व्हायला पुढची दोनेकशे वर्षं लागली.

आपल्याकडे मुंबईत हे काम आधी पोलिसांच्या हाताखाली होतं. १८८७ साली तिथलं दल पोलिसांपासून वेगळं होऊन पालिकेकडे आलं. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, महानगरपालिका १९७२ ची. महापालिकांच्या कायद्यात अग्निशमन दल ठेवणं हे बंधनकारक कर्तव्य आहे. म्हणजे बाग करायची की नाही हे महापालिका ठरवू शकते, दल ठेवायचं की नाही हे नाही. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही शहरी संस्थांच्या कामांमध्ये अग्निशमन सेवा आली.

या इतिहासातला सगळ्यात जड दिवस १४ एप्रिल १९४४ चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. कापूस धुमसू लागला, जवान जहाजावर चढून पाणी मारत राहिले आणि जहाज फुटलं. दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. शाळकरी मुलांना त्या आठवड्यात बंब दाखवायला नेतात तेव्हा हे ६६ जणही सांगितले पाहिजेत, असं मला फार वाटतं.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय सुरू झालं आणि लवकरच ते नागपुरात आलं. तिथून ही शिस्तीने शिकायची विद्या झाली.

## सिनेमाचं गाव आणि पेटणारी फिल्म

कोल्हापूरचा आगीशी आणखी एक संबंध आहे. जुनी सिनेमाची फिल्म नायट्रोसेल्युलोजची असायची. ती जळायला बाहेरच्या हवेची वाट बघत नाही, तिच्या रसायनातच प्राणवायू असतो. पेटलेली रिळं पाण्यात बुडवली तरी जळत राहतात. चुलीचं गणित इथे मोडतं: राख सारून भागत नाही.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथे सुरू झाली. बाबूराव पेंटरांपासून भालजी पेंढारकरांपर्यंत या गावाने सिनेमा घडवला तो अशा फिल्मवर. जगभर चित्रपटगृहं जळत होती म्हणूनच १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. त्यातला एक मुख्य हेतू प्रेक्षकांची सुरक्षितता हा होता: थिएटरला परवाना हवा, त्यात सुरक्षेची व्यवस्था हवी. आपण तो कायदा फक्त सेन्सॉरसाठी लक्षात ठेवतो. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. पुढे सावकाश जळणारी ‘सेफ्टी फिल्म’ आली आणि हा धोका सरला. नवा बंब न घेता, वस्तूच बदलून आग कमी झाली, याचं हे ठळक उदाहरण आहे.

## ‘भिंती तर दगडी होत्या, जळलं काय?’

नाट्यगृहाच्या भिंती दगडी, खरं आहे. जळलं ते आतलं: लाकडी छत, रंगमंचाच्या फळ्या, पडदे, विंगा, खुर्च्या, वायरिंगची आवरणं. लाकूड तापलं की साधारण ३०० अंशांच्या आसपास त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतो आणि ज्वाळा दिसते ती या वायूची. बंद दालनात तो वायू आणि धूर वर छताखाली साठतो. तापमान ५०० ते ६०० अंशांवर गेलं की खोलीतली प्रत्येक वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. आत्तापर्यंत एका कोपऱ्यात असलेली आग त्या क्षणी सगळ्या दालनाची होते.

रंगमंचाचा भाग तर मुद्दाम उंच बांधलेला असतो, पडदे वर ओढून घेता यावेत म्हणून. गरम हवा सरळ वर जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. दगडी भिंती आगीला बाहेर जाऊ देत नाहीत, आणि उष्णताही आतच कोंडून ठेवतात.

शिकागोतलं इरोक्वा थिएटर ३० डिसेंबर १९०३ रोजी असंच पेटलं. रंगमंचावरच्या दिव्याने पडदा धरला, आगीचा सुरक्षा पडदा मधेच अडकला, बाहेर पडायची दारं उघडेनात. सहाशेहून अधिक माणसं गेली. नाट्यगृहाची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, ढकलल्यावर कडी सुटली पाहिजे, हे नियम त्यानंतर जगभर पक्के झाले. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ जण गेले, बहुतेक धुराने गुदमरून. जाण्यायेण्याच्या वाटेत जादा खुर्च्या बसवल्या होत्या.

## ‘बंब लवकर यायला हवा होता’

लवकर यायलाच हवा, पण किती लवकर? हल्लीच्या फोमच्या गाद्या-सोफ्यांच्या खोलीत फ्लॅशओव्हर तीन-चार मिनिटांतही होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. जुन्या लाकडी सामानाच्या खोलीत त्याहून बराच वेळ मिळायचा. आता वेळ मोजा. आग लागली, कुणाला तरी वास आला, त्याने जाऊन पाहिलं, स्वतः विझवायचा प्रयत्न केला, मग १०१ ला फोन केला. त्यानंतर केंद्रात वर्दी पोचली (आगीच्या कॉलला दलात वर्दी म्हणतात), जवान गाडीत बसले, ताराराणी चौकातून किंवा दुसऱ्या केंद्रातून गाडी निघाली. यातला फक्त शेवटचा भाग दलाच्या हातात आहे. रात्री बंद असलेल्या, आत कुणीही नसलेल्या इमारतीत तर आग दिसेपर्यंतच ती मोठी झालेली असते.

म्हणून धूर ओळखणारं यंत्र आणि छतातले स्प्रिंकलर यांचं मोल बंबाहून जास्त आहे, असं मी म्हणतो. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते, आत रंगीत द्रव. साधारणपणे लाल नळी ६८ अंशांना फुटते आणि तेवढ्याच ठिकाणी पाणी सुटतं. ना फोन, ना रस्ता, ना गर्दी. पुन्हा उभ्या राहणाऱ्या नाट्यगृहात खुर्च्या कुठल्या बसवल्या यापेक्षा छतात हे आहे का आणि त्याला जोडलेली टाकी भरलेली आहे का, हे कोल्हापूरकरांनी विचारावं.

## ‘पाणी संपलंच कसं?’

नेहमीच्या बंबात साधारण ४५०० लिटर पाणी मावतं. ६३ मिलिमीटरच्या होजला (बंबाच्या कापडी पाइपला) जोडलेला एक झोत मिनिटाला अंदाजे ४५० लिटर पाणी ओढतो. म्हणजे एका झोताला दहा मिनिटं, दोन झोत लावले तर पाच. त्यानंतर गाडी भरायला जाते आणि तिची जागा दुसरी घेते. मोठ्या आगीत एकामागून एक टँकर लागतात ते यासाठीच. गाडी भरायला निघाली की बघ्यांना वाटतं बंब पळाला. प्रत्यक्षात ती साखळी तुटू नये म्हणून वाहनचालक जीव तोडून धावत असतो.

होज हातात धरणं काय असतं हेही बघण्यासारखं आहे. पाणी सुटलं की मऊ पट्टी क्षणात टणक होते आणि तोंडाशी असलेली ब्रँच, म्हणजे झोत सोडणारी तोटी, मागे रेटते. एक जण ब्रँच धरतो, दुसरा त्याच्या पाठीला खांदा लावून होज काखेत घट्ट आवळतो. पाठीवर श्वासाचा बी. ए. सेट, तोंडाला मास्क, समोर काही दिसत नाही. वाट चुकू नये म्हणून तीच होज हाताने चाचपत परत यायचं असतं.

## ‘मग मोठे बंब घ्या’

घ्यावेत, पण गुजरीसारख्या अरुंद बाजारपेठेत ते कसे न्यायचे? १२ हजार लिटर पाण्याचं वजनच १२ टन, वर गाडीचं. महाद्वार रोडला सणासुदीच्या संध्याकाळी रिक्षा निघत नाही. गंगावेशीपासून पापाच्या तिकटीपर्यंत जुन्या पेठांत दुकानांची छपरं, लोंबणाऱ्या केबल, दुतर्फा दुचाकी. उंच शिडीच्या गाडीला तर बाजूचे पाय पसरून टेकवायला सपाट, मोकळी जागा लागते. तेवढी रुंदी नसेल तर शिडी उघडताच येत नाही. त्यामुळे दाट पेठांसाठी लहान, चपळ गाड्या आणि जागोजागी पाण्याच्या टाक्या हाच मार्ग आहे. आणि पार्किंगची शिस्त. गल्लीच्या तोंडाशी आडवी लावलेली एक मोटार बंबाला रोखून धरू शकते.

## ‘एनओसी म्हणजे नुसता कागद’

एनओसी म्हणजे दलाचा ना-हरकत दाखला. इथे लोकांचा राग समजतो. तरी व्यवस्था काय आहे ते माहीत हवं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा, लागू झाला डिसेंबर २००८ मध्ये. या कायद्याने मोठा बदल केला: इमारतीतली आगीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. नाट्यगृह, रुग्णालय, हॉटेल, उंच इमारत यांनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘फॉर्म बी’ हे प्रमाणपत्र दलाकडे द्यायचं असतं.

यंत्रणा एकदा बसवली आणि विसरली, असं चालत नाही, कारण यंत्रणा झिजते. पंपाची बॅटरी उतरते, होजला चिरा पडतात, अग्निशामक सिलिंडरचा दाब जातो, टाकीतलं पाणी कुणी दुसऱ्या कामाला वापरतं. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली, तेव्हा राज्यभर रुग्णालयांची तपासणी निघाली. ती तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा होते की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. आपण ज्या दवाखान्यात पेशंट ठेवतो, ज्या हॉलमध्ये लग्न लावतो, तिथे फॉर्म बी कधीचा आहे हे विचारायला लाज वाटायचं कारण नाही.

## पुरात बोट घेऊन तेच येतात

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत घरांच्या माडीवरून माणसं उतरवायला जे बोटी घेऊन फिरत होते, त्यात हेच अग्निशमन जवान होते. झाड पडलं, विहिरीत माणूस पडला, भिंत कोसळली, तरी वर्दी यांनाच जाते. उन्हाळ्यात उसाच्या फडाची आणि पालापाचोळ्याची आग, पावसाळ्यात पूर. दलाला मोकळा हंगाम असा उरलेलाच नाही. जवानांची भरती आणि साहित्याची खरेदी यांचा हिशेब फक्त आगींच्या संख्येवर करणं म्हणूनच चूक आहे.

## वर्दी देताना

आग दिसली की आधी १०१ किंवा ११२ लावा, विझवायचा प्रयत्न नंतर. पत्ता सांगताना पेठ, जवळचा चौक किंवा तालमीचं नाव सांगा. कोल्हापुरात घर नंबरपेक्षा तालीम लवकर सापडते. काय पेटलं आहे, कितव्या मजल्यावर, आत कुणी अडकलं आहे का, गॅस सिलिंडर किती, हे सांगितलं तर कोणती गाडी पाठवायची ते केंद्रात ठरतं. समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. गल्लीतल्या दोघांनी तोंडाशी जाऊन गाड्या हलवाव्यात, एकाने चौकात उभं राहून बंबाला वाट दाखवावी. मेन स्विच सुरक्षितपणे हाताशी असेल तरच बंद करावा. धूर भरलेल्या जागेतून बाहेर पडताना खाली वाकून किंवा रांगत यावं, कारण श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरलेली असते. बाहेर आल्यावर कुठल्याही वस्तूसाठी परत आत जाऊ नये, आणि आत कुणी राहिलं असेल तर पहिल्या जवानाला त्याची खोली नेमकी सांगावी.